वर्गणीआधी दाखला
शिरूर किंवा दौंडचा गंभीर रुग्ण पुण्याला हलवला, की भावकी, मित्रमंडळी वर्गणी गोळा करायला निघतात. त्याच वेळी घरातल्या एकाने तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला मिळवावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. मग वर्गणी बिलातच संपत नाही. फेरतपासणी, प्रवास आणि घरी आल्यावरच्या औषधांना उरते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पैशांअभावी गोळ्या थांबल्या, तर सारी धडपड वाया जाऊ शकते.