भंगारातली शिलाई मशीन

मुरगूडला भंगारवाला जुनी शिलाई मशीन वजनावर घेतो. डोके बिडाचे, स्टँडही बिडाचा. वजन चांगले भरते म्हणून विकणारा खूश. आमच्या वडिलांची सिंगर अशीच काट्यावर चढली होती. ती उतरवून आम्ही घरी आणली आणि तेव्हापासून आमच्या पडवीत सात मशिनी जमल्या. घरच्यांचे बोलायचे ते सर्व बोलून झाले आहे.

आपल्यातील शिंपी व भंगार व्यवसायातील बांधवांच्या हातून अशा मशिनी रोज जातात, म्हणून हा अनुभव येथे देत आहोत.

मशीन आली की आधी नंबर पाहावा. सिंगरचा नंबर 'वाय' अक्षराने सुरू होत असेल, तर ती स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातली, १९२१ ते १९३५ च्या दरम्यानची. तो कारखाना १९८० साली बंद पडला. नुसते आकडे असतील तर मशीन साधारणपणे १९०० च्या आधीची समजावी. मग शटल पाहावे. होडीसारखे लांब शटल असेल तर पार्ट मिळताना नाकी नऊ येतात. गोल बॉबिनची पंधरा नंबरची असेल, तर लुधियानाचे पुष्कळ पार्ट बसतात.

जाम झालेली मशीन बहुधा मोडलेली नसते. घरातले खोबरेल घालून घालून आत डिंक झालेला असतो. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे करावे. हातोडी अजिबात नको. सिंगरच्या स्क्रूचे आटे वेगळे असतात, एक तुटला तर बाजारातला साधा स्क्रू त्या जागी बसत नाही. चाक सुटले की रॉकेल पूर्ण पुसून काढावे व मशीनचे पातळ तेल द्यावे. रॉकेल आत राहिले तर लोखंड कोरडे घासते.

सोनेरी नक्षीवर मात्र मशीनच्या तेलाचा मऊ सुती बोळाच फिरवावा. आम्ही घाईत थिनर लावले. पाच मिनिटांत वडिलांच्या मशीनचा चेहरा गेला!

आता धंद्याची गोष्ट. जुन्या सिंगरच्या सुईत 'लाल पारा' असतो व त्याला लाखो रुपये मिळतात, अशी आवई अधूनमधून उठते. सौदी अरेबियात २००९ साली या अफवेने जुन्या मशिनींचे भाव दोन लाख रियालपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. मोबाईल सुईजवळ धरून पारा 'तपासणारे' तिथे निघाले, तसे आपल्याकडेही निघाले. सुई पोलादाची असते, पाऱ्याची नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका शिंप्याने या आशेवर चालती मशीन सहा महिने चादरीत गुंडाळून ठेवली आणि धंद्याला दुसरी भाड्याने आणली. भाडे गेले, गिऱ्हाईकही आले नाही.

खरे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एकाला जाड कापडावर सरळ टीप घालणारी दणकट मशीन हवी असते. दुसऱ्याला शोभेसाठी हवी. ऑलसेंट्स या ब्रिटिश कपडेवाल्यांनी दुकानांच्या काचेत शेकडो जुन्या मशिनी मांडल्या होत्या. शोभेवाल्याला नक्षी लागते, टीप पडते की नाही हे तो विचारतही नाही.

त्यामुळे वडिलांची मशीन विकायचा प्रश्न उरला नाही. परवाच तिच्यावर गोधडी शिवली.