स्पिरिट झोपत का नव्हती?

२१ जानेवारी २००४. मंगळावरच्या गुसेव विवरात स्पिरिट रोव्हरचा अठरावा दिवस. ॲडिरॉन्डॅक नावाच्या खडकाला भोक पाडायची तयारी चालली होती आणि गाडीचा आवाजच बंद झाला. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत आधी संशय गेला तो ऑस्ट्रेलियातल्या पावसावर. गाडीशी बोलणाऱ्या कॅनबेराच्या अँटेनावर तेव्हा वादळ होतं. वादळ ओसरलं, तरी गाडी गप्पच.

दोन दिवसांनी तुटक माहिती आली. आधी सेकंदाला दहा बिट, मग एकशेवीस. त्यातून कळलं ते भलतंच. रात्री झोपायचं सोडून स्पिरिट टक्क जागी होती. संगणक बंद पडत होता, सुरू होत होता, पुन्हा बंद पडत होता; साठाहून अधिक वेळा. बॅटरी उतरत चालली होती. मग अभियंत्यांनी ठेवणीतली आज्ञा सोडली. तिचं नावच ‘शटडाउन डॅमिट’, म्हणजे ‘बंद हो म्हटलं ना!’ थोड्या वेळाने हाक मारून पाहिली. गाडी खरंच झोपली असती तर उत्तर यायला नको होतं. उत्तर आलं.

ग्लेन रीव्हज आणि त्यांच्या सॉफ्टवेअर गटाची नजर फ्लॅश मेमरीवर स्थिरावली. (१९९७ साली मंगळावरचं पाथफाइंडर यान असंच सारखं रिसेट होत होतं, तेव्हाही ते कोडं सोडवणाऱ्यांत रीव्हज होते.) स्पिरिटचा संगणक सुरू होताना २५६ मेगाबाइटची फ्लॅश माउंट करायचा, म्हणजे वापरासाठी जोडून घ्यायचा. तिथेच तो अडखळत असेल, तर त्याला फ्लॅशला हात न लावता उठवून पाहायचं. २४ जानेवारीला तशी आज्ञा गेली: फ्लॅश सोड, फाइलींचं काम साध्या रॅममध्ये कर. गाडी शहाण्यासारखी उठली आणि सांगितल्यावर झोपलीही.

मग कारण उलगडलं. फ्लॅशवर डॉस पद्धतीची फाइल सिस्टिम होती. तिच्यात फाइल पुसली तरी यादीतली नोंद उरते. माउंट करताना ही अख्खी यादी रॅममध्ये उतरवली जाई. सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइलींची अडगळ आणि वर मंगळावरच्या नव्या फाइली, यांनी यादी फुगत गेली. एके दिवशी तिच्यासाठी रॅम अपुरी पडली. प्रोग्रॅम अडकला, संगणक रिसेट झाला, उठल्यावर पुन्हा तीच यादी उघडायला गेला. चक्र सुरू!

चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. जुनी अडगळ काढणारा प्रोग्रॅम पंधराव्या दिवशीच दोन भागांत पाठवला होता. त्यातला एक भाग पोचला नाही. तो पुन्हा पाठवायचं ठरलं होतं एकोणिसाव्या दिवशी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश फॉरमॅट झाली आणि ॲडिरॉन्डॅकला भोकही पडलं. चिपमध्ये काडीचाही दोष नव्हता. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी २२ मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली.