सातबाऱ्यावरचे झुडपी जंगल

‘झुडपी जंगल’ हे शब्द विदर्भाबाहेरच्या वाचकाला वनस्पतिशास्त्रातले वाटतील. प्रत्यक्षात ते महसुली दप्तरातले आहेत. जुन्या मध्य प्रांतात जी जमीन नांगराखाली येण्याजोगी नव्हती आणि जिच्यातून इमारती लाकूडही मिळणार नव्हते, तिची नोंद झाडोऱ्याच्या उंचीवरून होई. मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या कागदांत आजही ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी सापडतात. झुडपी जंगल हे त्यांचेच मराठी भावंड. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे मुंबई राज्यात आले, तेव्हा ही नोंदही त्यांच्याबरोबर आली. त्यांतून झालेल्या आजच्या सहा जिल्ह्यांत मिळून असे क्षेत्र सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर होते. त्यातले ९२ हजारांच्या आसपास वनखात्याच्या कामाचे ठरले. उरलेले सुमारे ८६ हजार हेक्टर वनीकरणाला निरुपयोगी म्हणून बाजूला पडले. झाड वाढत नाही म्हणून जमीन निरुपयोगी, हा निष्कर्ष आपण इतक्या सहज मान्य केला की तो चुकीचा असू शकेल अशी शंकाही कुणाला आली नाही.

नागपूरच्या पश्चिमेकडे काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. उतारावर त्याची झीज होऊन मुरूम तयार होतो, आणि त्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर. पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मे महिन्यात जमीन तव्यासारखी तापते. अशा ठिकाणी साग उंच होत नाही, पण कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते तग धरतात, कारण त्यांचा संसार जमिनीखाली असतो. वरचे पाते जळले, चरले गेले, वाळले तरी पहिल्या सरीला मुळातून कोंब येतो. अधूनमधून पळस, बोर, हिवर, खैर, शिंदी. चंडोल, तित्तिर, लावा हे पक्षी भुईवर घरटी करतात. त्यांना सावली नको, मोकळे रान हवे. खोकड आणि लांडगा यांचेही तसेच. माळढोक वरोऱ्याच्या बाजूला दिसत असे, तो या मोकळेपणामुळेच. दाट जंगलातल्या वाघाला पर्यटक मिळाले. माळावरच्या लांडग्याच्या वाट्याला फक्त बदनामी आली.

माणसांचा इतिहासही या गवताशीच बांधलेला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागात नंद गवळ्यांनी जोपासलेली गवळाऊ ही पांढरीशुभ्र, चपळ गोवंशाची जात डोंगरउतारावरच्या चराईवर पोसली गेली. गावोगावची ढोरे आखरावर गोळा करून रानात नेण्याचे काम गोवारी समाजाचे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानमंडळावरच्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी गेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे; त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना गोवारी ज्या रानात ढोरे राखत त्या रानाचे नाव ठाऊक असेल? मालगुजारी ही जुनी जमीनदारी पद्धत गेल्यावर गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, मुरूम-मातीचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. म्हणजे सरकारी दप्तराचे एक पान या जमिनीला निरुपयोगी म्हणत होते आणि दुसरे पान तिचे उपयोग मोजत होते.

अशा जमिनीवर झाडे लावल्यावर काय होते, याचा मोठा प्रयोग फ्रान्समध्ये होऊन गेला आहे. नैर्ऋत्य फ्रान्सचा लांद प्रदेश म्हणजे वाळूचे सपाट, पावसाळी दलदलीचे माळरान. तिथले मेंढपाळ पायांना लाकडी गेड्या बांधून कळपामागे फिरत. १८५७ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत कायदा झाला, की ग्रामसंस्थांनी आपल्या सामाईक जमिनीचा निचरा करून तिथे पाइन लावावेत. पडीक समजली गेलेली ती भूमी काही दशकांत सुमारे १० लाख हेक्टरच्या पाइनवनात बदलली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या वनाने राळ, टर्पेंटाइन, लाकूड आणि कागदाचा पैसा आणला. पण सामाईक जमिनी विकल्या गेल्या, मेंढपाळी संपली आणि पूर्वी कळप राखणाऱ्या घराण्यांतली माणसे दुसऱ्याच्या झाडांना खाचा पाडून राळ गोळा करू लागली. एकाच जातीचे, सलग, चिकट तेलाने भरलेले रान जळतेही तसेच: ऑगस्ट १९४९च्या वणव्यात ८२ माणसे गेली आणि २०२२च्या उन्हाळ्यातही तिथे मोठ्या आगी लागल्या.

म्हणून माळ माळच राहू द्यावा, असे म्हटले की पहिला आक्षेप हवामानाचा येतो: झाडे कार्बन धरतात, गवत काय धरणार? गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वणवा आला तरी त्यातला बराचसा जागेवर राहतो. वीतभर मातीवर लावलेली रोपे तिसऱ्या उन्हाळ्यात वाळली, तर हिशेबात झाडे असतात, पण रानात फक्त खड्डे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचे झुडपी जंगल पूर्वीचे राहिलेच कुठे? खरे आहे. मुरमासाठी पोखरलेले, तरोटा आणि घाणेरीने व्यापलेले, कचरा टाकून विद्रूप केलेले पट्टे शहराभोवती भरपूर आहेत. पण आजारी माळाला बरे करायचे तर माळच करायला हवा. घाणेरी उपटणे, आलटून पालटून चराई बंद ठेवणे, पवन्या-मारवेलचे बी पेरणे हे खर्चिक काम नाही. फक्त त्याच्या उद्घाटनाचा फोटो चांगला येत नाही.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे आपल्याच १२ डिसेंबर १९९६च्या आदेशानुसार वनच असल्याचे सांगितले. त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्या जागांना एकवेळची सवलत देऊन वस्त्यांचा आणि सरकारी इमारतींचा प्रश्न बराचसा सोडवला, आणि पर्यायी वनीकरणासाठी या जमिनी सर्रास वापरण्यावर बंधन घातले. हे शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. बिल्डरपासून संरक्षण मिळाले, हे उत्तमच. पण ‘वन’ हा शिक्का बसला की कुंपण, रोपवाटिका आणि चराईबंदी मागोमाग येण्याची आपल्याकडे सवय आहे. ती या वेळी मोडली पाहिजे. गावात झुडपी जंगल असेल, तर तिथे वृक्षारोपणाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा आधी निस्तार पत्रक मागवा, ते मोठ्याने वाचायला लावा आणि गावातल्या गुराख्याला बोलू द्या.