‘मात्र’चे मोल

धनादेशावर ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ लिहितात. त्या ‘मात्र’चे मोल बँकेत हयात घालवलेल्याला विचारावे. रक्कम इथे संपली, पुढे कोणी काही जोडू नये, एवढेच ते बजावते.

संगणकातल्या नोंदी धुंडाळण्याची एसक्यूएल ही भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली आयबीएममध्ये मांडली. तिच्यात मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. आता वसईच्या एखाद्या डिसोझाबाई घ्या. इंग्रजीत त्यांच्या ‘डी’नंतर तेच चिन्ह येते. नाव आज्ञेत जसेच्या तसे चिकटवले, की ते ‘डी’पाशीच संपते, उरलेले संगणक आज्ञा म्हणून वाचू लागतो आणि अडतो. बाई निरपराध, पण हीच फट हेरून एखादा भामटा नावाच्या जागी आपला हुकूम घुसवतो आणि साऱ्यांची खाती उघडी पडतात.

उपाय आपल्या छापील स्लिपचाच आहे. आज्ञा आधी पक्की करायची, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि नाव वेगळे पाठवायचे. हाच पॅरामीटर. मग त्या जागेत काहीही भरा, त्याचा हुकूम होत नाही. तक्त्याचे वा रकान्याचे नाव तेवढे असे पाठवता येत नाही. ते ठरलेल्या यादीतूनच घ्यावे.

चिन्ह गाळा, असे डिसोझाबाईंना सांगणारे काउंटर अजूनही भेटतात. खातेदाराने नाव का बदलावे? स्लिप नीट छापावी.