मूठभर रक्षा, त्याच्या आवडत्या गडावर

ट्रेकच्या ग्रुपमधला एखादा मित्र अचानक जातो. तिसऱ्या दिवशी घरचे अस्थी सावडतात, नाशिकला किंवा आळंदीला विसर्जन होतं आणि आपण मित्रमंडळी मागे उभे. अशा वेळी वाटतं ना, त्याला एकदा त्याच्या लाडक्या गडावर न्यावं?

मग सावडायच्या आधीच त्याच्या आई-बाबांशी बोला. हक्क त्यांचा आहे. मूठभर रक्षा मागा, हट्ट नको. नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबवा. हे काही जगावेगळं नाही. आपली बहुतांश रक्षा विमानातून शेतांवर विखुरावी, असं पंडित नेहरूंनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. १९६४ मध्ये तसं झालंही.

होकार मिळाला, की जागा नीट निवडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. उधळलेली राख तोंडावरच यायची. गडावरच्या टाक्यात तर चुकूनही टाकू नका, ते पिण्याचं पाणी असतं. झाड लावणार असाल तर थोडीशीच राख भरपूर मातीत मिसळा, नाहीतर क्षारांनी रोप जळेल. हार, प्लॅस्टिक वर नेऊच नका.

आणि निघताना काका-काकूंना विचारा, ‘पायथ्यापर्यंत तरी येता का?’ लेकाचा गड त्यांनी कदाचित कधी पाहिलेलाच नसेल.