स्वस्त लॅपटॉप : घ्यावा की न घ्यावा?



ऊसबिल जमा झाले की पोरं लॅपटॉपचा हट्ट धरतात. "पंधरा-वीस हजारांत मिळतोय की, सायेब!" असे शिवारफेरीत बरेच जण सांगतात. पण बेणे घेताना आपण नुसता भाव बघत नाही, डोळाही बघतो. इथेही तसेच करावे.

शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडील ७० गावांसाठी संगणक योजना निघाली. ऊसनोंद, तोडणी, वजन यांची माहिती गावात मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास सात गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशांवर करून पाहिले. ते जमले, खर्चही कमी आला. तात्पर्य, वजन, बिल, सातबारा पाहण्यापुरता फोन पुरे.

पोरांचा अभ्यास किंवा दुधाचा, मजुरीचा हिशोब लिहायचा असेल तर मात्र लॅपटॉप घ्यावा. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम व ६४ जीबी जागा लागते. अगदी स्वस्तात बहुधा एवढेच मिळते. मग जागा लवकर भरते आणि यंत्र रेंगाळते. ८ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडी मागावी. जुना घेणार असाल तर विंडोज ११ चालते का ते आधी विचारा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

यातले काही काम नसेल, तर तो पैसा ठिबकला लावलेला बरा.