गोबरगॅस : जनावरे मोजू नका, शेण मोजा



रोहिणी नक्षत्र निघाले की आपल्या खानापूर-बेळगाव भागात घरोघरी एकच घाई असते. पाऊस लागायच्या आत सरपण आत घ्यायचे, शेणी उडवीत रचून झाकायच्या. जळण कमी पडले तर श्रावणात ओल्या लाकडावर फुंकर घालीत बसायचे, आणि सिलिंडर आणावा तर त्याचा भाव आपल्या हातात नाही. ज्या घरची चूल दुसऱ्याच्या भावावर आणि रानातल्या मोळीवर चालते, ते घर पूर्ण स्वतंत्र आहे असे कसे म्हणावे? गोठा असलेल्या कुटुंबाला यातून सुटण्याची एक वाट आहे, ती गोबरगॅसची. वाट जुनी आहे. पण पुष्कळांची संयंत्रे आज बंद पडून तुळशीवृंदावनासारखी अंगणात उभी आहेत. ती का बंद पडली हे आधी समजून घेतले पाहिजे.

शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत ठेवले की सूक्ष्म जंतू ते कुजवतात व गॅस सुटतो. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो, तोच जळतो. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र तयार केले, पुढे खादी आयोगाने ते देशभर नेले. लोखंडी टाकी गंजते, महागही पडते. म्हणून विटांच्या घुमटाची संयंत्रे आली. त्यांतले 'दीनबंधू' हे १९८४ साली 'ॲफप्रो' या संस्थेने काढले. ही संस्था १९६६ साली ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुढाकाराने निघालेली आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आता हिशेब. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला दिवसाला सुमारे २५० लिटर लागतो. म्हणजे सहा माणसांच्या घराला दीड घनमीटर गॅस व त्यासाठी रोज ३८ ते ४० किलो शेण हवे. एवढा गॅस रोज मिळाला तर दिवसाचे पाचेक किलो लाकूड वाचते, किंवा घरगुती सिलिंडर बावीस दिवसांत एक या हिशेबाने वाचतो.

खरी चूक होते ती इथेच. गाय दिवसाला दहा किलो शेण टाकते, म्हैस पंधरा, असे पुस्तकात असते. आपण गोठ्यातली जनावरे मोजतो आणि त्याला दहाने गुणतो. पण आपली जनावरे दिवसभर रानात चरतात, अर्धे शेण तिकडेच पडते. गोठ्यात सकाळी मिळते ते फक्त रात्रीचे. आमच्या घरीही हेच झाले. नऊ जनावरे पाहून चार घनमीटरचे संयंत्र बांधले गेले. त्याला रोज शंभर किलो शेण लागते, आणि आम्हाला घमेल्याने मोजल्यावर पन्नासही भरेना. गॅसला दाब येईना, वर साय धरून तिची कडक पोळी झाली, आणि तिसऱ्या वर्षी चूल पुन्हा पेटली. बांधणाऱ्याला मोठ्या मापावर जास्त मजुरी मिळते, हे नंतर लक्षात आले.

म्हणून बांधण्यापूर्वी आठ दिवस रोज सकाळी गोठ्यातले शेण काट्यावर वजन करावे व वहीत लिहावे. सर्वांत कमी आला तो आकडा धरावा, सरासरी नव्हे. पंचवीस किलो भरले तर एक घनमीटर, पन्नास भरले तर दोन. भाकड जनावर विकायचा विचार असेल तर ते आजच वजा करावे. अनुदानाचे नियम बदलत असतात, त्यामुळे मंजुरी हातात आल्यावरच खड्डा खणावा.

पहिल्या भरणीला शेण फार लागते. दोन घनमीटरच्या संयंत्राला जवळजवळ दोन टन. ते शेजारच्या गोठ्यांतून आधीच ठरवून ठेवावे. दोन-तीन आठवड्यांनी गॅस येऊ लागतो, पण पहिला गॅस जळत नाही व त्यात हवा मिसळलेली असते. तो ज्योत जवळ न आणता सोडून द्यावा. गॅस आला का हे पाहायला संयंत्रापाशी काडी कधीही ओढू नये. फक्त शेगडीवर पाहावे. शेगडी गोबरगॅसचीच हवी, सिलिंडरची चालत नाही. बंद पडलेल्या टाकीत कोणीही उतरू नये. आत श्वास कोंडून माणसे मेली आहेत.

रोजचे काम अर्ध्या तासाचे आहे. जेवढे शेण तेवढेच पाणी, काड्या व माती काढून, गुठळी न ठेवता कालवायचे. गोठा फिनेलने धुतला तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नये, जंतू मरतात. नळीत पाणी साचून ज्योत फडफडू लागली की खालचा नळ उघडून ते काढावे. डिसेंबरच्या थंडीत गॅस कमी होतो. दुपारी उन्हात तापलेले पाणी वापरावे व घुमटावर पेंढा पसरावा. त्या दोन महिन्यांसाठी थोडे सरपण ठेवण्यात काही कमीपणा नाही. गॅसचे दिवे मात्र लावू नयेत. एक दिवा तासाला शंभर लिटरहून अधिक गॅस खातो, आणि तेवढ्यात डाळ शिजते.

हे काम घरात कोणाचे, ते आधी ठरवा. चुलीच्या धुराने बायकांना दमा-खोकला जडतो आणि मांडीवरच्या लेकरांना न्यूमोनिया होतो. धूर गेला तर पहिला लाभ त्यांचाच. पण शेण कालवण्याचे कामही तिच्याच डोक्यावर आले तर मोळी गेली आणि घमेले आले, एवढेच होईल. कालवणे पुरुषांनी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात गावांनी आपली ऊर्जा आपणच निर्माण करण्याचे कौतुक केले आहे. त्याची सुरुवात घमेल्यापासून होते.

बाहेर पडणारी स्लरी टाकाऊ नव्हे. शेणी थापल्या तर खत जळून जाते. इथे गॅसही मिळतो आणि नत्रही राहते. स्लरी उन्हात वाळवू नये, नत्र उडून जाते. पालापाचोळ्यावर ओतून खड्ड्यात मुरवावी व भाताच्या चिखलणीआधी शेतात घालावी. खड्डा विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा, आणि लहान मुले पडू नयेत म्हणून झाकलेला असावा.

ज्यांनी आठ दिवसांचे आकडे लिहिले असतील त्यांनी वही घेऊन रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटावे. माप किती घ्यायचे ते बसून काढू.